रिपोर्टात तारीख नसते

तांडापेठेतल्या मनपाच्या शाळेत
आम्हाला चौथी 'ब'चा वर्ग दिला होता.
बाकांवर दीड वर्षाची धूळ,
फळ्यावर मार्चमधली एक तारीख,
शाळा बंद झाली त्या दिवसाची.
शिपायानं पुसली नव्हती.
मीही नाही पुसली.

ऑक्टोबरची उकड. कूलरमध्ये पाणी नव्हतं,
तो नुसताच आवाज करत होता.

पहिली आली हिमानी पराते, वय नऊ.
ताप? नाही. खोकला? नाही.
चव गेली होती का?
तिची आई म्हणाली, हिले तशीबी भाजीची चव लागत नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
झुनेरा अन्सारी, नाही, नाही, नाही.
एकानं डोळे मिटायला नकार दिला,
"मले पाह्यचंच हाय,"
आणि सुई शिरताना
माझ्या हाताकडे असं बघत राहिला
जसा कोणी पानठेल्यावर
सुपारी कातरणाऱ्याकडे बघतो.

लॅबमध्ये नळ्या फिरवल्या.
तर्रीच्या नेमकं उलट होतं इथे:
लाल सगळं तळाला बसतं,
वर तरंगतं पिवळं, निवळ.
त्या पिवळ्यात शोधायचं असतं
येऊन गेलेलं कोणी.

कागद आले आठवड्याभरानं.
होय. होय. नाही. होय. होय.
हिमानी, होय.
झुनेरा, होय.
बोट फिरवत खाली गेले
तर 'नाही'वर थांबायलाच मिळेना.

आम्ही मोजत होतो तेव्हा
खाटा, सिलिंडर, घाटावरची लाकडं.
गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधत होतो,
आणि बांबूखालून वाकून
ही पोरं जात होती गोट्या खेळायला.
तो यांच्या घरी आला,
अंगणातल्या माठातलं पाणी पिऊन गेला,
मोठ्यांना कोणी सांगितलंच नाही.
शाळा बंद होती
तरी रक्तात हजेरी लागत होती,
रोज, कुठल्या तरी वर्गाची.

नळी क्रमांक एकशे सतरा.
वेदांग सोनकुसरे, वय अकरा.
सोबत मामा, तो बाहेर फोनवर.
पोरानं कागद स्वतःच वाचला,
ओठ हलवत, दोनदा.
"म्हंजे मले झाला होता?"
हो. पण आता काही नाही, बरं का. चांगलंच आहे.
"कधी झाला होता?"
ते नाही कळत.
"बाबाच्या आधी का बाबाच्या नंतर?"

फॉर्मवर हा प्रश्न नाही.
फॉर्मवर घरातली माणसं किती, असा आहे,
तिथे त्याच्या मामानं आधी चार लिहिलं होतं,
मग खोडून तीन.

मी म्हटलं, मशीन फक्त आकडा सांगतं रे,
तारीख नाही सांगत.
तुझे बाबा कामावर जायचे ना?
"पावरलूमवर."
मग तिथूनही असेल. कुठूनही असेल.
"पन मी जात होतो न बांबूखालून.
बाबाले माहीत नव्हतं."

मला वाटलं म्हणावं: नंतर.
नंतरच झाला तुला, बेटा.
एक शब्द. कोण तपासणार होतं?
तोंड उघडलं, आणि निघालं काय,
तर, "पाणी पितोस?"

त्यानं पाणी प्यायलं नाही.
कागदाची चौघडी घातली,
पुन्हा उलगडली.
"हे आईले दाखवू?"

तेवढ्यात मामानं हाक मारली.
जाताना त्यानं कागद खिशात नाही घातला,
शर्टाच्या आत, पोटाशी धरला,
जसं पोरं परीक्षेत कमी मार्क पडले की धरतात.

घरी आले तेव्हा लेक झोपली होती
जेवायची थांबून थांबून.
एप्रिलमध्ये तीन दिवस मला कणकण होती.
मी दुसऱ्या खोलीत गेले होते,
ती रात्री उशी घेऊन आली, पायाशी निजली,
मी हाकललं नाही.

यादी मीच बनवली होती.
आमच्या वस्तीतली तिच्या वयाची
सगळी नावं मी त्यात घातली आहेत.
एक सोडून.